तहहयात अध्यक्ष

४ ऑगस्ट २०१८, शनिवार

जयपूरच्या बापूनगरमधल्या टपरीवर आज चक्क कबड्डीची चर्चा. एरवी इथे क्रिकेट, नाहीतर वसुंधराराजे. काल दिल्ली उच्च न्यायालयाने अमॅच्युअर कबड्डी फेडरेशनच्या अध्यक्षा मृदुल भदौरिया यांची निवड रद्द केली. त्यांचे पती जनार्दनसिंह गेहलोत यांचं ‘तहहयात अध्यक्ष’पदही गेलं. कारभार आता सनत कौल या निवृत्त सनदी अधिकाऱ्याकडे. याचिका महिपाल सिंह या जुन्या खेळाडूची, २०१३ सालातली. पाच वर्षं चिकाटीने लढला गडी.

गेहलोत इथलेच. चहावाला निकालाबद्दल काही बोलेना. एवढंच म्हणाला, “साहब, इन्होंने तो भैरोंसिंहजी को हराया था.” खरं आहे, १९७२ची विधानसभा. शेखावतांना जयपुरात पाडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव इथे अजून निघतं.

६ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर पाऊस. २०११ची क्रीडा संहिता वाचत बसलो. अध्यक्षाला फार तर १२ वर्षं. चिटणीस आणि खजिनदाराला लागोपाठ दोन मुदती, मग चार वर्षं सक्तीची विश्रांती. सत्तरी गाठली की सगळ्यांनीच घरी बसायचं. मुदतीचं हे बंधनही नवं नाही, १९७५पासून सरकार ते सांगत आलंय.

गेहलोत १९८४ला अध्यक्ष झाले, २०१३ला उतरले, आणि खुर्चीवर पत्नी आल्या. ‘तहहयात’ हे पद संहितेत कुठेच नाही. पण १९९०ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी शिरली त्यात या माणसाचा वाटा मोठा, हे कबड्डीमहर्षी बुवा साळवींना देव मानणाऱ्या आम्हा मुंबईकरांनाही नाकारता येत नाही. आमच्याकडच्या मातीतला हुतूतू तिथवर गेला, याचं तेव्हा कोण अप्रूप होतं!

मग स्वतःकडे पाहिलं. परळच्या कबड्डी मंडळात मी १९ वर्षं चिटणीस होतो. घटनेत मुदत तीन वर्षांची, आणि ती घटना माझ्याच कपाटात. वार्षिक सभेत अण्णा विचारायचे, “मागचंच पुढे चालू ठेवायचं ना?” तेवढ्यात वडे यायचे. झाली निवडणूक. एकदा उजव्या कोपऱ्याला खेळणाऱ्या एका पोराने ट्रॅकसूटच्या पैशांचा हिशेब विचारला. हिशेब चोख होता, दाखवता आला असता. मी त्याला म्हणालो, “तू आधी पकडी नीट कर.” पुढच्या मोसमात तो दुसऱ्या मंडळातून उतरला.

१३ ऑगस्ट, सोमवार

तीज. शेजारच्या भाभीजींनी घेवर पाठवला. मिरवणुकीच्या गर्दीत जायचं धाडस झालं नाही.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

काल जाकार्ताच्या एशियाडमध्ये आपले पुरुष इराणकडून हरले, २७-१८. त्याआधी सोमवारी कोरियाने एका गुणाने हरवलं होतं, तेव्हाच पाल चुकचुकली होती. १९९०पासून सलग सात सुवर्णं, यंदा ब्राँझ. आज बायकांची अंतिम फेरी. पुन्हा इराण, २७-२४.

आणि इराणच्या मुलींना शिकवणारी कोण? शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या! माझ्या बायकोचंही माहेर नाशिक. टीव्हीसमोर मी कपाळाला हात लावलेला आणि ही टाळ्या वाजवतेय. “आमची बाई जिंकली,” म्हणाली. वाद घालायला मुद्दाच नव्हता. नाशिकमध्ये वर्षानुवर्षं पोरी घडवलेली प्रशिक्षक तेहरानला जाऊन फारसी शिकते आणि आपल्याला हरवून येते. टपरीवर सगळे निकालाला दोष देत होते: ऐन स्पर्धेच्या तोंडावर न्यायालयाने फेडरेशन खिळखिळं केलं म्हणे. तीन आठवड्यांत कुणी दम घ्यायला विसरत नाही. इराण हे कित्येक वर्षं शिकत होतं.

१६ सप्टेंबर, रविवार

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर फोनवर बातमी पाहिली. संघनिवडीत खोट आहे म्हणणाऱ्या खेळाडूंचा संघ विरुद्ध एशियाडला गेलेला संघ, असा सामना न्यायालयानेच लावला होता. काल, दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर. देखरेखीला निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. गर्ग. तक्रारदार पोरं-पोरी हजर. एशियाडवाले फिरकलेच नाहीत. आमच्याकडे अशा वेळी पंच शिट्टी मारून समोरच्याला पुढे चाल देतो. इथे पुढची चाल कुठली, हे त्या पोरांना कोण सांगणार?

रात्री माळ्यावरची ट्रंक उतरवली. घटनेची प्रत सापडली, कसर लागलेली. तिच्याखाली रुमालात गुंडाळलेला मंडळाचा रबरी शिक्का. मुंबई सोडून सहा वर्षं झाली.

“हा अजून तुमच्याकडेच?” हिने विचारलं.

कुरिअरचं दुकान सोमवारी दहाला उघडतं.