टेंभुर्णीची जास्वंद आणि माझ्या चुका

गावरान तांबडी जास्वंद आमच्या टेंभुर्णीत कुठेही उगवलेली दिसते. देवळामागे, न्हाणीच्या सांडपाण्याकडेला, कुंपणाला. तिला कुणी खत घालत नाही, छाटत नाही, तरी देवापुरती फुलं ती रोज देते. त्यामुळे जास्वंद म्हणजे सोपं झाड, अशी माझी खात्रीच होती. त्याच भरवशावर मी पिवळ्या, भगव्या, दुरंगी संकरित जास्वंदी आणू लागले. पुण्याहून येताना उरुळी कांचनच्या परिसरात रस्त्याकडेला रोपवाटिका लागतात. प्रत्येक फेरीला तिथून रोपं यायची आणि त्यातली बहुतेक वर्षही काढायची नाहीत. ती का गेली हे मला फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळलं. काळी चुनखडीची जमीन, बोअरचं जड पाणी आणि आमच्यासारखा उन्हाळा वाट्याला आलेल्या घरांत ही रोपं रोज विकत नेली जातात, म्हणून माझ्या चुका जशाच्या तशा लिहिते आहे.

पहिली चूक म्हणजे गावरान आणि संकरित जास्वंदीला मी एकच समजले. संकरित जातींमध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या आणि पूर्व आफ्रिकेतल्या जास्वंदींचं रक्त मिसळलेलं आहे. आपल्याकडे झुंबरासारखी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची जास्वंद असते ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून हवाईमध्ये असे संकर मोठ्या प्रमाणावर झाले. आपल्याकडे बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनेही जास्वंदीचे संकरित वाण काढले. हे सगळं फुलाच्या आकारासाठी आणि रंगासाठी झालं. फूल ताटलीएवढं झालं, पण अनेक जातींची मुळं नाजूक राहिली. मी फूल बघून रोप घेत होते, मुळांचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

दुसरी चूक उन्हाची. माझ्या नणंद इंग्लंडमध्ये लीड्सला असतात. त्यांच्या घरात खिडकीशी ठेवलेली जास्वंद आहे आणि ती उत्तम फुलते. मी फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वहिनी, जास्वंदीला ऊन जितकं द्याल तितकं थोडं. घरातली सगळ्यात उन्हाची जागा तिलाच द्या.” मी सगळ्या कुंड्या उचलून स्लॅबवर नेल्या. मार्च बरा गेला. एप्रिलमध्ये कळ्या देठापाशी पिवळ्या पडून गळायला लागल्या, पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी दुपारीही पाणी घालू लागले. मुळं कुजली आणि झाडं ओल्या मातीत उभ्या उभ्या वाळली.

वन्संचा सल्ला खोटा नव्हता, तो लीड्सचा होता. तिथे सूर्य तिरपा, उन्हाळा सौम्य आणि हिवाळ्यात दिवस जेमतेम सात-आठ तासांचा. तिथल्या झाडाला प्रकाशाचीच वानवा असते. आमच्याकडे मे महिन्याच्या मध्याच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पारा चाळिशी ओलांडून जातो. पस्तिशीच्या पुढे गेलं की संकरित जास्वंद कळ्या टाकू लागते. त्यात माझ्या कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या आणि तापलेल्या स्लॅबवर टेकलेल्या होत्या. पानांपेक्षा मुळंच जास्त भाजत होती. आता फेब्रुवारी संपला की कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी येतात. सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं ऊन मिळतं, नंतर शेडनेटची सावली. कुंड्या मातीच्या, खाली विटा आणि वर उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन. पाणी पहाटे, तेही बोटाने माती चाचपून. मे महिन्यात फुलं कमीच येतात, पण झाड टिकतं, आणि उन्हाळ्यात मी त्याच्याकडून तेवढंच मागते.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडली. आमच्या घरी ऊस आहे, त्यामुळे डी.ए.पी.चं पोतं कायम पडवीत असतं. फुलांसाठी स्फुरद लागतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. प्रत्येक कुंडीत मूठभर डी.ए.पी. आणि वर हाडांचा चुरा, हे माझं ठरलेलं. काही महिन्यांनी शेंड्याची नवी पानं पिवळी यायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पुढे पुढे पांढरट. मी युरिया दिला, पाणी वाढवलं, पानं आणखी पिवळी झाली. आमच्या उसाच्या फडात हेच दिसलं असतं तर घरातल्या पोरांनीही केवडा पडलाय म्हणून सांगितलं असतं. केवडा म्हणजे लोहाची कमतरता. कुंडीत मात्र मला तो ओळखता आला नाही.

इथल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात आणि मातीचा सामू आठच्या वर जातो. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. बोअरच्या जड पाण्याने रोज थोडा चुना आणखी वाढतो. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरं फुटतं ते हेच. त्यावर मी स्फुरदाचा मारा केला. जास्तीचा स्फुरद साचला की उरलंसुरलं लोह आणि जस्तही अडकून बसतं. जास्वंदीला पालाश भरपूर आणि स्फुरद बेताचा लागतो. डी.ए.पी.त स्फुरद शेकडा 46 असतो आणि पालाश अजिबात नसतो. म्हणजे तिला जे नको तेच मी मुठीमुठीने घालत होते.

मग इलाज करतानाही चुकले. दुकानातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणून सरळ मातीवर भुरभुरला. चुनखडीच्या मातीत तो काही दिवसांतच निकामी होतो. उसाला देताना आमची माणसं हिराकस शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवतात आणि मगच देतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. नंतर चिलेटेड लोह आणलं, पण पाकिटावरची अक्षरं वाचली नाहीत. ई.डी.टी.ए. प्रकारचं चिलेट आमच्यासारख्या जास्त सामूच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीला ठीक. मातीतून द्यायचं तर ई.डी.डी.एच.ए. प्रकारचं लागतं. ते महाग असतं, पण चिमूटभर पुरतं. ते दिल्यावर नवी पालवी हिरवी यायला लागली तेव्हा मी जुनी माती टाकून दिली. आता कुंडीत मुरूम नाही, शेतातली काळी माती नाही. गाळाचा पोयटा, धुतलेली वाळू, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट असं मिश्रण असतं. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी पिंपात साठवते आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीला ते खालून वाहून जाईपर्यंत घालते, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात.

रोपं वाढवण्याचा नाद लागला तो मरणाऱ्या झाडांमुळेच. झाड जाण्याआधी त्याच्या फांद्या तरी वाचवाव्यात, म्हणून मी फाटे लावू लागले. तो नेमका डिसेंबर होता. वन्संना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “थंडीत लावताय? मी तर फाट्यांच्या कुंडीखाली उबेची चटई ठेवते. खालून ऊब नसेल तर मुळं सुटत नाहीत.” मी मनात म्हटलं, आपल्याकडे कसली आलीय थंडी! उन्हाच्या बाबतीत त्यांचं ऐकून नुकसान झालं होतं, म्हणून यावेळी ऐकायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं. आणि नेमकं इथेच त्यांचं बोलणं आमच्या गावाला लागू होतं. मुळं सुटायला मातीत पंचवीस अंशांच्या आसपास ऊब लागते. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या किमान तापमानाचे आकडे थंडीत बातम्यांत येतात, आणि आमची पहाट काही फार वेगळी नसते. दिवसा अंगाला थंडी जाणवत नाही, पण ओली वाळू रात्रभर गार पडून राहते.

फाट्यांना पालवी फुटली तेव्हा मला फार आनंद झाला. ती पालवी फांदीत आधीच साठलेल्या अन्नावर आली होती, खाली एकही मूळ नव्हतं. मी घाईने फाटे उपटून मोठ्या कुंड्यांत लावले आणि जानेवारीत ती पालवी माना टाकून बसली. राहिलेल्यांना मुळं आली का हे बघायला मी दर थोड्या दिवसांनी उपसून पाहायची. त्यात नुकतं धरू लागलेलं मूळही तुटून जायचं.

आता फाटे मृगाचा पाऊस झाल्यावरच लावते. पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी, वीतभर लांब, डोळ्याच्या लगेच खाली कापलेली. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवायची, बाकीची काढायची. खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवायचं आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात, वाळू आणि कोकोपीटमध्ये लावायचं. पेला पारदर्शक असला की उपसावं लागत नाही, मुळं बाहेरून दिसतात. ती पेल्याच्या कडेने फिरलेली दिसेपर्यंत मी हात लावत नाही. थंडीत फाटे लावायचे झालेच तर पाण्याची मोठी बाटली कापून त्यावर उपडी घालते आणि उन्हाने तापलेल्या भिंतीशी ठेवते. पण ते अगदी झाड वाचवायचं असेल तेव्हाच.

काही संकरित जाती फाट्याने येतच नाहीत. त्यांच्यासाठी मी गुटी करायचा प्रयत्न केला. फांदीची साल गोल काढली, शेतातली काळी माती लिंपली आणि प्लास्टिक बांधलं. माती वाळून भेगाळली, आणि साल काढलेली जागा काही दिवसांनी पुन्हा सालीने जोडली गेली. सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाची रोपं पिढ्यान्‌पिढ्या गुटी कलमानेच होत आली आहेत. आमच्याकडे डाळिंबाच्या बागेत गुट्या बांधायला येणारे मामा दर पावसाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर तेच काम करत होते. त्यांना विचारावं हे मला सुचलं नव्हतं. एकदा त्यांनीच माझी जास्वंद पाहिली आणि म्हणाले, “ताई, साल काढली पण खालचा बुळबुळीत थर तसाच ठिवलाय की. त्यो फडक्यानं पुसून काढायचा, न्हाईतर साल पुन्हा जुळती. आन माती कशाला? शेवाळ भिजवून, दाबून पिळा आन बांधा.” त्यांनी सांगितल्याप्रमाणे बोटाच्या पेराएवढी साल काढली, थर पुसला, भिजवलेलं शेवाळ पिळून गुंडाळलं आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट आवळली. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली. पहिलं कलम कापून मी लगेच उन्हात ठेवलं आणि घालवलं. त्यानंतरची महिनाभर सावलीत ठेवते.

सगळ्यात जास्त वाईट मला वाटतं ते मिलीबगच्या बाबतीत. शेंडे बोकडले, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसायला लागला. मी भर दुपारी कडुनिंबाचं तेल फवारलं. त्या उन्हात तेलाने पानंच भाजली. मग डाळिंबाचं कीटकनाशक वापरलं. किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे ती फारशी मेली नाही, पण मुंग्यांखेरीज बाकी सगळे किडे नाहीसे झाले. काही झाडांवर मोठी, पांढऱ्या झुबक्यांची, भराभर चालणारी अळी दिसायची. तिला मी मिलीबगचाच मोठा प्रकार समजून चिमट्याने उचलून मारत असे. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. मिलीबग हेच तिचं खाणं. हा ऑस्ट्रेलियाचा किडा भारतात 1898 मध्ये आणला गेला आणि आपल्याकडचे द्राक्षबागायतदार तो विकत घेऊन बागेत सोडतात. 1994 साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर जास्वंदीचा गुलाबी मिलीबग पोचला आणि त्याने मोठा विध्वंस केला, तेव्हा तिथेही मित्रकीटक सोडूनच तो आटोक्यात आणावा लागला. माझ्या दारी तो मदतनीस आपण होऊन आला होता आणि मी त्याला चिमट्याने मारत होते. आता मी आधी चाल बघते. संथ किंवा जागेवर बसलेला तो मिलीबग, तुरुतुरु चालणारी ती मित्राची अळी. बोकडलेले शेंडे कापून पिशवीत बांधते, मुंग्यांची वाट बंद करते आणि अगदी गरज पडली तरच संध्याकाळी साबणाच्या पाण्याने धुते.

छाटणीतही अशीच गफलत झाली. गणपतीत भरपूर फुलं हवीत म्हणून मी श्रावणाच्या तोंडावर झाडं छाटली. जास्वंदीला कळी येते ती नव्या फुटव्यावर, आणि फुटवा येऊन कळी उमलेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. त्या वर्षी बाप्पासमोर ठेवायला दारच्या झाडांवर एकही फूल नव्हतं आणि मी शेजारच्या गावरान झाडाकडे मागायला गेले. आता छाटणी मृगाआधी उरकते.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. मी सल्ला घेत होते आणि त्यामागचं कारण विचारत नव्हते. वन्संचा उन्हाचा सल्ला कारण न विचारता घेतला आणि उबेचा सल्ला कारण न विचारता टाकला. दोन्ही वेळा चूक तीच. त्यांच्या बोलण्यामागे एकच गोष्ट होती, की या झाडाला उबदार मुळं आणि सोसवेल इतका प्रकाश लागतो. लीड्समध्ये त्यासाठी खिडकी आणि चटई लागते. टेंभुर्णीत त्यासाठी मे महिन्यात शेडनेट आणि फाट्यांसाठी पावसाळ्याची वाट बघण्याइतका धीर लागतो. आणि हिराकस कसा मुरवायचा, गुटी कशी बांधायची हे ज्यांना येत होतं ती माणसं माझ्याच बांधावर राबत होती.

आता कुणी रोप मागायला आलं की मी आधी विचारते. पाणी बोअरचं की नळाचं, ऊन कोणत्या बाजूने येतं, कुंडीत माती कुठली भरणार? उत्तरं ऐकून कधीकधी गावरान जास्वंदच हाती देते. एक मोठी पिवळी जात अजून माझ्याकडे स्वतःच्या मुळांवर तग धरत नाही, दर उन्हाळ्यात मरायला टेकते. हवाई आणि फ्लोरिडामध्ये अशा नाजूक जाती दणकट जास्वंदीच्या खुंटावर बांधतात. आमचा दणकट खुंट सांडपाण्याकडेला उभाच आहे. गावरान जास्वंदीचे फाटे लावून खुंट तयार केलेत, आणि येत्या पावसात त्या पिवळीची पाचर कलमं मामांच्या देखरेखीखाली बांधणार आहे.