सांध्यांची डॉक्टर

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात अजूनही काही जणांची समजूत आहे की मी सिंगापूरला गुडघ्यांची डॉक्टर आहे. चूक अण्णांची. ‘लेक काय करते?’ असं कुणी विचारलं की ते सांगायचे, “सांध्यांचं काम करते.” हे सांधे खडकातले, एवढंच सांगायचं राहून जायचं. त्यामुळे दर सुट्टीत एखादी आजी गुडघा पुढे करून बसतेच.

खडक कितीही कठीण असला तरी अखंड नसतो. त्यात चिरा असतात, त्यांनाच आम्ही सांधे म्हणतो. डोंगर कापताना किंवा बोगदा खणताना खडक बहुधा मधूनच फुटत नाही, तो सांध्यावरून घसरतो. क्लेमेंटीत आमच्या इमारतीखाली वाळूचे आणि गाळाचे थर दबून झालेला जुराँग फॉर्मेशनचा खडक आहे. त्याच खडकात, जुराँग बेटाखाली 130 मीटर खोलवर तेल साठवायच्या प्रचंड गुहा कोरल्या आहेत. 2014 मध्ये त्या सुरू झाल्या. अशा कामात सांध्याच्या दोन बाजू एकमेकींना किती धरून आहेत, हे आधी पाहावं लागतं.

मागच्या डिसेंबरात आई-अण्णा आमच्याकडे आले होते. अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, उमेद सगळी घाटरस्त्यांवर गेली. जेवणाच्या टेबलावर माझं मोजायचं साधन पाहून म्हणाले, “ही कसली फणी गं?”

फणीच ती. बारीक सळयांची, सुतारही वापरतात तशी. खडकावर दाबली की सळया मागेपुढे सरकतात आणि चढउतारांची रेघ मिळते. बार्टन आणि चौबे यांनी 1977 मध्ये 10 सेंटिमीटर लांबीच्या दहा नमुना-रेघा छापल्या. आपली रेघ त्यांच्याशी ताडायची आणि 0 ते 20 मध्ये गुण द्यायचे. गुळगुळीत सांधा शून्याकडे, ओबडधोबड विसाकडे. आता लेझरनेही मोजतात, पण फणी अजून माझ्या पिशवीत असते.

“म्हणजे खडबडीत चांगला?”

“हो अण्णा. घसरायचं तर वरच्या दगडाला खालच्या उंचवट्यांवर चढावं लागतं, नाहीतर ते मोडावे लागतात. दोन्हीला जोर लागतो.”

अण्णांचा चेहरा खुलला. “मग घरामागच्या कड्याची काळजी कशाला करतेस? तूच बारा गुण दिलेस ना त्याला?”

मी गप्प झाले. जुलै 2021 मध्ये आमच्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या, माणसं गेली. तेव्हापासून मी मागे लागले होते, पावसाळ्यात कऱ्हाडला दादाकडे राहा म्हणून. उत्तर ठरलेलं: “कडा माझ्या जन्माआधीपासून उभा आहे.” मागच्या खेपेला मी फणी घेऊन गेले. घराकडे उतरणाऱ्या सांध्याला बारा गुण दिले. अण्णा खूश झाले आणि मी पुढचं बोलले नाही. चार दिवसांची सुट्टी, त्यात वाद नको वाटला.

आता मात्र पोळपाट काढला. कामावर टाकून दिलेले दगडाचे तुकडे मी विचारून घरी आणले होते. धाकट्याने कंपासपेटीतला कोनमापक धरला. करवतीने कापलेले दोन सपाट तुकडे एकमेकांवर ठेवून पोळपाट तिरका केला. “आजोबा, एकतीस!” वरचा तुकडा सुटला. मग नैसर्गिक सांध्याची खडबडीत जोडी ठेवली. साठ अंश ओलांडले तरी ती हलेना. अण्णांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

मी तुळशीच्या कुंडीतली माती कालवली आणि त्याच जोडीच्या मधे बोटभर थापली. चाळीस व्हायच्या आत तुकडा हळूच सरकून ताटात पडला.

“अण्णा, आपल्या कड्याच्या सांध्यात काय आहे?”

“तांबडी माती,” ते सावकाश म्हणाले. “बोटभर.”

“आणि उंचवटे दोन-तीन मिलिमीटरचे. दोन्ही बाजू एकमेकींना टेकतच नाहीत. मग माझे बारा गुण कागदावरच. पावसात सांध्यात पाणी साठलं की ते वरच्या दगडाला आणखी बाहेर ढकलतं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

बराच वेळ ते खालच्या दगडावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, “नोकरीत मी दुसऱ्यांची घरं रिकामी करून घेतलीत. तेव्हा त्यांचाही कडा जुनाच होता.”

आईने ताट उचललं. “म्हणजे जायचं ना कऱ्हाडला? मग आत्ताच ठरवा, मला लोणच्याच्या बरण्या न्यायच्यात.”

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं दादाकडे गेले. शेजारची दोन घरंही अण्णांनी समजावून हलवली. कडा पडला नाही. “तुझा कडा उभा आहे हं अजून,” अण्णा फोनवर दर रविवारी ऐकवत. मी म्हणे, “राहू दे की उभा.”

दिवाळीला ते घरी परततील. पुढच्या जूनचं बोलणं मी या सुट्टीतच काढणार आहे, पहिल्याच दिवशी.