बग डिसेंबरातला, कारण सप्टेंबरातलं

केस गळायला लागले की पहिला संशयित म्हणजे शांपू. दुसरा पाणी. पुण्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर पाणीच पहिलं. मग तेल न लावणं, जागरणं, हेल्मेट आणि 'तुमच्या त्या कंप्युटरची हीट' (हे शेजारच्या काकूंचं संशोधन!). डिसेंबर २०२३मध्ये ही अख्खी यादी आमच्याकडे चर्चेला आली, कारण बायकोचे केस अक्षरशः मुठीमुठीनं गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, बाथरूमच्या जाळीत, एकदा तर डब्यातल्या पोळीतसुद्धा.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. कमरेपर्यंतची जाड वेणी महिना-दीड महिन्यात करंगळीएवढी झाली. ती विंचरायचं टाळायला लागली. गळालेले केस मोजायला लागली. मग कमी गळावेत म्हणून आठवड्यातून एकदाच न्हायचं ठरवलं. पण गळायला टेकलेले केस गळतातच, फक्त आठवडाभराचे एकदम हातात येतात. त्या रविवारी ती बाथरूममधून रडत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, मला टक्कल पडणार." यावर काय बोलायचं असतं ते मला अजूनही माहीत नाही.

आमच्या धंद्यात सर्व्हर झोपला की पहिला प्रश्न ठरलेला: काल काय बदललं? इथे नेमका तोच प्रश्न कुचकामी. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी शांपूचं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाल्या, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काही आजारपण? ऑपरेशन? डाएट? बाळंतपण?" सप्टेंबरात डेंग्यू झाला होता. पाच दिवस १०३ ताप, नंतर पंधरा दिवस तोंडाला चव नाही. "मग बरोबर," म्हणाल्या.

भानगड अशी आहे. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक स्वतंत्र. दोन ते सहा वर्षं वाढायचं, दोन-तीन आठवडे आवरतं घ्यायचं, मग साधारण तीन महिने आराम आणि शेवटी गळून जायचं. एरवी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात, बाकीचे बहुतेक आरामात. सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या, म्हणून रोज ५० ते १०० गळाले तरी कळत नाही. जबरदस्त ताप आला की शरीर बिनमहत्त्वाची कामं थांबवतं आणि वाढत्या केसांपैकी बरेचसे एकदम आरामाच्या रांगेत जातात. तिथे ते दोन-तीन महिने गुपचूप बसतात. तोवर ताप गेलेला, आपण विसरलेलो. आणि मग सगळ्यांची तारीख एकाच सुमारास! अल्बर्ट क्लिगमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९६१ साली याला टेलोजन एफ्लुव्हियम असं नाव दिलं. आमच्या सांगलीच्या आत्याला मात्र नावाशिवायच माहीत होतं. "मोठा ताप झाला की केस जातात, येतात परत," हे तिचं फोनवरचं निदान, फी शून्य.

टायफॉइड, चिकनगुनिया, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, काही औषधं, थायरॉइड, लोहाची कमतरता अशी कारणं बरीच आहेत. आणि उपासमार. लग्नाआधी दोन महिन्यांत १० किलो उतरवणाऱ्यांनी तारखांचा हिशोब जरूर करावा.

तपासणी दहा मिनिटांची. कुठे गोल चट्टा, म्हणजे चाई, नाही ना; भांग रुंदावत नाही ना; कातडीवर लाली-खपल्या नाहीत ना. मग ५०-६० केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली. सहाच्या वर केस हातात आले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका. "मुळासकट येतायत" म्हणून बायको ज्याला घाबरायची, तो हाच. ते मूळ नव्हेच, आराम करून निघालेल्या केसाचं टोक. खरं मूळ कातडीखाली जागेवर असतं. हे ऐकल्यावर तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

मला आवडलं ते पुढचं. डेंग्यूचं कारण सापडल्यावर बाई तिथेच थांबल्या नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच करायला सांगितलं. मेहुणीनं प्रेमानं दिलेल्या बायोटिनच्या गोळ्या त्याआधी बंद, कारण त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. हिमोग्लोबिन ठीक निघालं, फेरिटिन मात्र तळाला. म्हणजे लोहाचा साठा संपत आलेला. डेंग्यूवर सगळं ढकललं असतं तर हे कळलंच नसतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

बाकी ही गळती बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. त्यामुळेच घाबरून तिसऱ्या महिन्यात सुरू केलेलं कुठलंही तेल चौथ्या-पाचव्या महिन्यात 'गुणकारी' ठरतं. त्या तेलाच्या बाटल्या कशावर खपतात ते लक्षात आलं असेलच. सहा महिने उलटूनही थांबलं नाही, चट्टे पडले किंवा भांग रुंदावत गेला, तर मात्र हे प्रकरण वेगळं असू शकतं. तिथे वाट बघत बसू नये.

मार्चमध्ये बायकोच्या कपाळाच्या कडेनं बोटभर केस उभे राहिले. कुठल्याच पिनेला न जुमानणारे, अँटेनासारखे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे जुन्या वेणीला पाचेक वर्षं. हा हिशोब मी तिला मुद्दाम सांगितला नव्हता. तिनं स्वतःच केला आणि एका शनिवारी खांद्यापर्यंत कापून आली.