फादर स्टॅन : कोरेगावला कधीही न आलेला माणूस

५ जुलै जवळ आला की मला फादर स्टॅन स्वामींची आठवण येते. आपल्या घरांत आठवणीच्या तारखा थोड्या नाहीत. त्यांत या कॅथलिक धर्मगुरूची तारीख कशाला, असे आमच्या वस्तीतल्या एका काकांनी मला विचारले होते. प्रश्न रास्तच. ख्रिस्ती धर्मातही जात शिरली हे आपण जाणतो. फादर ज्या त्रिची जिल्ह्यातले, त्या त्रिची शहरात दलित ख्रिश्चनांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत कॅथलिक दफनभूमीतच उभी राहिली. पण फादर कुणाच्या पंक्तीला जाऊन बसले, तेही पाहायला हवे.

१९३७ साली तामिळनाडूत त्यांचा जन्म झाला. विशीत ते जेझुइट संघात गेले. बंगलोरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे ते बरीच वर्षे संचालक होते. मनात आणले असते तर तिथेच मानाने राहिले असते. ते गेले झारखंडला, आदिवासींमध्ये. रांचीजवळ नामकुम येथे त्यांनी ‘बगईचा’ नावाचे केंद्र उभारले. अंगात साधा सदरा, बोलणे हळू. हा माणूस लोकांना बायबल कमी आणि राज्यघटना जास्त सांगे. घटनेची पाचवी अनुसूची, १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा. जमीन आदिवासींची, खाली कोळसा-लोखंड, आणि ग्रामसभेला विचारतो कोण? तिकडच्या गावकऱ्यांनी घटनेतली कलमे मोठमोठ्या दगडांवर कोरून वेशीवर उभी केली, त्याला पत्थलगडी म्हणतात. बाबासाहेबांच्या घटनेचे दगड जंगलातल्या वेशीवर! त्या चळवळीची बाजू घेतल्याबद्दल २०१८ मध्ये फादरवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला.

त्यांचे सर्वांत मोठे काम मला वाटते ते कच्च्या कैद्यांचे. नक्षलवादी म्हणून पकडलेल्या १०२ कैद्यांना भेटून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अहवाल तयार केला. बहुतेक आदिवासी आणि दलित, घरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत. खटले लवकर चालावेत म्हणून सुमारे ३,००० तरुणांच्या वतीने ते उच्च न्यायालयात गेले.

आणि मग तेच कच्चे कैदी झाले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना बगईचातून अटक केली. प्रकरणाचे नाव भीमा कोरेगाव! १ जानेवारी २०१८ ला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या बाया-माणसांवर दगड पडले, आणि त्या नावाच्या प्रकरणात अटक झालेला सोळावा माणूस हा ८३ वर्षांचा पाद्री. अटकेपूर्वीच त्यांनी सांगितले होते की आपण आयुष्यात कधी भीमा कोरेगावला गेलेलो नाही. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोपही त्यांनी नाकारला.

तळोजा तुरुंगात त्यांनी नळी आणि सिपर मागितला. त्यांना कंपवात होता. तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस मागितले आणि मग सांगितले की आमच्याकडे ती वस्तू नाही. पुढे तुरुंगाने सिपर दिला, देशभरातून लोकांनीही पाठवले. ज्यांच्या घरी कंपवात नाही त्यांना ही बारीक गोष्ट वाटेल. माझ्या सासऱ्यांना तो होता. गिरणीत तीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला माणूस, पण चहाचा कप ओठांपर्यंत जाईपर्यंत निम्मा सदऱ्यावर. पाहुणे आले की ते म्हणत, “मला नको, आत्ताच घेतला.” पुढे मी चोचीचा कप आणला तेव्हा ते पाहुण्यांत बसून चहा पिऊ लागले. म्हाताऱ्या माणसाला पाण्याइतकीच लाजही राखायची असते.

तुरुंगातून फादरनी लिहिलेल्या पत्रात स्वतःचे रडगाणे नाही. बरोबरचे कैदी आपल्याला भरवतात, आंघोळ घालतात, हे त्यांनी कृतज्ञतेने लिहिले. आणि कितीतरी गरीब कैद्यांना आपल्यावर आरोप काय तेच ठाऊक नाही, हेही लिहिले. मार्च २०२१ मध्ये जामीन नाकारला गेला. मे महिन्यात उच्च न्यायालयापुढे त्यांनी सांगितले : आलो तेव्हा स्वतः चालत होतो, जेवत होतो, आता होत नाही, सरकारी इस्पितळात जाण्यापेक्षा इथेच मरेन, मला माझ्या माणसांत जाऊ द्या. मग त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात हलवले. तिथे कोरोना झाल्याचे कळले. ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी सुरू असतानाच डॉक्टरांनी न्यायालयाला कळवले, दुपारी दीड वाजता ते गेले. खटला उभाच राहिला नाही.

शेजारच्या एका माउलीच्या मुलावर जानेवारी २०१८ च्या बंदनंतर गुन्हा दाखल झाला होता. ती भाकरी बांधून त्याच्याबरोबर तारखेला जाई. टीव्हीवर फादरची बातमी लागली तेव्हा ती उंबऱ्यात बसून म्हणाली, “त्यांना एवढे वकील होते गं. तरी असं झालं.” आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचले नाही. तिने फक्त टीव्ही बंद करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या चर्चमध्ये मोजक्या लोकांत प्रार्थना झाली. कोरोनामुळे दफन न होता दहन झाले, आणि अस्थी झारखंडला, त्यांच्या माणसांत नेण्यात आल्या.