सहाच मुले

धायरीतील एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेच्या दर्शनी भिंतीवर एक कागद चौकटीत लावलेला आहे. पाळणाघराची चौकशी करायला आलेले आई-वडील प्रथम तो पाहतात आणि निम्मे निश्चिंत होतात. ‘परवाना आहे ना?’ हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. सोसायटी ज्यांना काकू म्हणते आणि मुले ज्यांना आजी म्हणतात त्या घरच्या गृहिणी आताशा मात्र प्रत्येकाला थांबवून सांगतात, “कागद नीट वाचून घ्या. त्यात मुलाचं नाव कुठेही नाही.”

तो कागद म्हणजे शॉप ॲक्टखालील पोचपावती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या व्यवसायांना नोंदणीच्या खटाटोपातून मोकळे केले. व्यवसाय सुरू केल्याचे ऑनलाइन कळवायचे आणि पावती घ्यायची, इतकेच. काकूंनी ती २०१८ मध्ये घेतली, तीही बँकेत चालू खाते उघडण्यासाठी. पुढे त्याच कारणाने उद्यम नोंदणीही झाली. ती तर निव्वळ स्वयंघोषणेवर होते. व्यवसाय अस्तित्वात आहे, एवढेच हे दोन्ही कागद सांगतात. एका खोलीत मुले किती, त्यांना पाहणारी माणसे किती, दाराला कडी आहे की नाही, हे विचारण्यासाठी ते छापलेलेच नाहीत.

आपल्या कायद्याला पाळणाघर अपरिचित आहे असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघर सक्तीचे केले, आणि पुढे तीसहून अधिक स्त्री-कामगार ही त्याची मर्यादा ठरली. १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या बांधकामांना तेच बंधन लागू केले. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यावे, इतका बारीक विचार त्यात आहे. परंतु ही सारी बंधने मालकावर आहेत. धायरी फाट्यावरून सकाळी साडेआठला बस पकडणारी परिचारिका, नऱ्हे-धायरीच्या शेडमध्ये पॅकिंग करणारी बाई, कापडाच्या दुकानात उभी राहणारी विक्रेती यांची मुले ज्या घरात दिवस काढतात, त्या घरापर्यंत ही बंधने पोहोचत नाहीत. काकूंनी एकदा एका कार्यालयात जाऊन घरगुती पाळणाघराचा अर्ज मागितला होता. तेथील गृहस्थांनी कपाट उघडून पाहिले, बंद केले आणि अत्यंत सौजन्याने चहा विचारला.

घरापर्यंत कायदा पोहोचतो तो अपाय झाल्यानंतर. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७५ वे कलम, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारले किंवा टाकून दिले तर शिक्षा देते. मूल सांभाळणाऱ्या संस्थेतील व्यक्तीकडून तसे झाल्यास ती पाच वर्षांपर्यंत वाढते. आधीचे मोकळे मैदान मात्र ज्याचे त्याने कुंपण घालून घ्यायचे.

काकूंचे पाळणाघर असेच कुंपणाविना वाढले. हे कुटुंब मूळचे सांगलीकडचे. काका एस.टी.तून निवृत्त झाले. धायरीत तेव्हा ग्रामपंचायत होती. महापालिका आली ती २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये. शेजारच्या नोकरदार सुनेने एक दिवस आपले आठ महिन्यांचे मूल ‘तासभर बघा’ म्हणून ठेवले आणि तो तास कित्येक वर्षे लांबला. एकाचे दोन, दोनाचे चार. करोनात सारे बंद पडले, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा थेट अकरा मुले आली. काकू, एक मदतनीस मावशी आणि दोन खोल्या. पैसे बरे मिळत. नाही कोणाला म्हणावे, हेही कळत नसे.

२०२३ च्या पावसाळ्यातील एका दुपारी कुरिअरवाला आला. काकू स्वयंपाकघरात सर्वांत लहानाची खिमट ढवळत होत्या. मावशींनी दार उघडले, सही केली, पार्सल आत घेतले. पाच-सात मिनिटांनी दूध द्यायला मुले ओळीने बसवली तेव्हा ती दहाच भरली. अडीच वर्षांचा एक मुलगा नव्हता. पलंगाखाली, न्हाणीघरात, पडद्यामागे पाहून झाले. काका लिफ्टने खाली धावले. मुलगा वर गेलेला असेल हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. पाचव्या मजल्यावरच्या, गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर तो दुसऱ्या कोणाची चप्पल पायात घालून बसलेला एका रहिवाशाला दिसला. त्यांनी त्याला उचलून आणले. गच्चीचे दार त्या दिवशी पावसामुळे लावलेले होते. एरवी ते उघडेच असे.

मुलाला खरचटलेही नव्हते. कोणताही नियम मोडला नव्हता, कारण मोडायला नियमच नव्हता. मावशी म्हणाल्या, “काकू, त्याच्या आईला कशाला सांगायचं? झालं नाही ना काही.” संध्याकाळी मुलाची आई आली. ती एका बँकेच्या शाखेत काम करते. काकूंनी तिला बसवले आणि घडलेले सर्व सांगितले, गच्चीच्या दारासकट. ती चपलांच्या कपाटावर टेकली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलाला घेऊन निघून गेली. काकूंना वाटले, संपले.

दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन आली, आणि सोबत एक जाड रेघांची नोंदवही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. यात अविश्वास कोणावरच नसतो. एकट्या माणसाची एक चूक पुरेशी असते, एवढे मान्य केलेले असते. हे तिने काकूंना समजावून सांगितले. खरोखर, साधे बचत खाते उघडायचे तर ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, नमुना सही, सारे लागते. मूल ठेवून जायला आजवर एक मोबाइल क्रमांक पुरत होता.

त्या वहीत आता मूल आल्याची वेळ, आणणाऱ्याची सही, औषध असल्यास लेखी सूचना, नेण्यास मुभा असलेल्या तीन प्रौढांची नावे व छायाचित्रे, आणि गेल्याची वेळ असते. ओळखीचा मामा असला तरी नाव नसेल तर मूल मिळत नाही. दाराला वरच्या अंगाला दुसरी कडी बसली. दुसरे माणूस मुलांच्या खोलीत असल्याखेरीज पहिल्याने दार उघडायचे नाही, मग बाहेर कोणीही घंटा वाजवत राहो.

खरा प्रश्न संख्येचा होता. तिथे कडी कामाची नव्हती. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक मोठे माणूस धरले आहे. त्या हिशेबाने काकूंची अकरा मुले आणि दोन बायका हे उत्तमच होते, आणि तरीही मूल जिन्यात गेले. याच सोसायटीतून इंग्लंडला गेलेल्या एका कुटुंबाची सून फोनवर तिथली रीत सांगे. तेथे घरी मुले सांभाळणाऱ्या एकट्या स्त्रीला साधारणपणे आठ वर्षांखालील सहाच मुले ठेवता येतात. त्यांतली शाळेच्या वयाखालची तीन, आणि एक वर्षाखालचे एकच. नोंदणी, तपासणी आणि लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे शिक्षण सक्तीचे. शिवाय त्या घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली जाते.

हे नियम कधीकधी हास्यास्पदही होतात. २००९ मध्ये तेथील दोन पोलीस मैत्रिणी आळीपाळीने एकमेकींच्या मुलींना सांभाळत होत्या, तर तपासणी खात्याने त्याला बेकायदा बालसंगोपन ठरवले. परस्परांची मदत हाच ‘मोबदला’, असा त्यांचा तर्क. ओरड झाल्यावर सरकारला अशा मैत्रीला सूट द्यावी लागली. आपल्याकडे शेजारधर्म अद्याप बेकायदा झालेला नाही, हे भाग्यच.

तरीही दोन बाबी काकूंच्या मनातून गेल्या नाहीत. एक, सहाचा आकडा. तिथे एकटीला सहा, इथे दोघींना सहा, असे त्यांनी ठरवले. दुसरी अधिक अवघड होती. मावशींची पोलीस पडताळणी करून घ्यायचीच होती. मग घरातील पुरुषाची? काका दुपारी मुलांना गोष्टी सांगत, झोपलेल्या पोरांच्या अंगावर पांघरूण घालत. काकूंनी दोन आठवडे विषय काढला नाही. काढला तेव्हा काका रागावले नाहीत, मात्र तीन दिवस जेवताना बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरला. पुढे तो दाखला आला, आणि त्यांनी तो शॉप ॲक्टच्या कागदाशेजारी लावला. तीस वर्षांच्या नोकरीतले एकही प्रशस्तिपत्र त्यांनी भिंतीवर लावलेले नाही.

कॅमेऱ्याचा आग्रह दोन पालकांनी धरला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेल्या मारहाणीचे चित्रण सर्वांनी पाहिले, तेव्हापासून कॅमेरा म्हणजेच सुरक्षितता असा समज पसरला आहे. त्या पाळणाघरात कॅमेरा होताच, म्हणून तर चित्रण मिळाले. कॅमेरा पुरावा ठेवतो, मुलाला उचलून घेत नाही. काकूंनी एक बसवला, परंतु फीवाढीचे कारण म्हणून तो दाखवला नाही.

सोसायटीच्या कार्यकारिणीची नोटीस याच सुमारास आली. निवासी सदनिकेत व्यवसाय, लिफ्टचा वापर, दुपारचा आवाज. अकरा मुले असताना आली नव्हती ती सहा झाल्यावर आली, हा योगायोग की वहीमुळे व्यवसाय ‘दिसू’ लागल्याचा परिणाम, कोण जाणे. सभेत काकूंनी नोंदवही पुढे ठेवली. गच्चीच्या जिन्यावरून मूल उचलून आणणारे रहिवासी उठून चार वाक्ये बोलले. परवानगी मिळाली, वर्षाच्या मुदतीने, आणि गच्चीला कुलूपही.

मग २०२५ चा जानेवारी आला. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. हातापायांतील शक्ती जाणारा हा आजार. दूषित पाण्यावर संशय होता आणि पाणी उकळून प्या, अशी सूचना निघाली. पाणी गाळून, उकळून पिण्याची काकूंच्या घरची जुनी जैन रीत, त्यामुळे पहिला विचार आला की आपल्याला काय चिंता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांच्या दप्तरांतील बाटल्या पाहिल्या. प्रत्येकीत आपापल्या घरचे पाणी, कुणाचे टँकरचे, कुणाचे जारचे. रीत घराला होती, मुलांना नव्हती. वहीत नियम वाढला: बाहेरचे पाणी दारातच ओतायचे आणि बाटली येथे भरायची. एका आजोबांना हा आपल्या घराचा अपमान वाटला. त्यांनी महिनाभर नातवाला आणताना काकूंशी भाषण केले नाही, सही तेवढी केली.

हे सारे झाले खरे, परंतु अकराची सहा होताना पाच घरांना नाही म्हणावे लागले होते. तीन मुले शाळेत जाण्याच्या वयाची होती, ती निभावली. चौथ्याच्या गावाकडच्या आजी आल्या. फी साडेचार हजारांवरून साडेसहा हजार झाली. पॅकिंगच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाईकडून काकू जुनीच फी घेत राहिल्या. पाचवे मूल होते कापडाच्या दुकानातील विक्रेतीचे. तिने हात जोडून विचारले, “काकू, अकरात एक खपत होतं, सहात सातवं नाही खपणार?” काकूंनी नकार दिला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

थोड्या दिवसांनी त्यांना तो दीड वर्षांचा मुलगा धारेश्वर मंदिराच्या रस्त्याला दिसला. दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर होता. दुपारचे दोन वाजले होते, आणि शाळेच्या गणवेशातली मुले घरी परतत होती. ही मुलगी गणवेशात नव्हती. सहा मुले अधिक सुरक्षित झाली होती, आणि सातव्याचे पाळणाघर म्हणजे ती कंबर होती. कोणत्याही नियमावलीत या मुलीचा रकाना नसतो, आणि काकूंच्या वहीतही नव्हता.

२०२५ च्या जूनमध्ये एका मुलाला शाळा मिळाली आणि जागा रिकामी झाली. प्रतीक्षा यादीत चार नावे होती, पैकी दोघांनी पूर्ण फी आगाऊ देऊ केली होती. काकूंनी यादी बाजूला ठेवून विक्रेतीला फोन केला. मुलगा आता बोलू लागला होता. बहीण पुन्हा शाळेत जाऊ लागली.

पहिल्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती त्याला न्यायला आली. दाराशी उभी राहून तिने पेन मागितले. काकूंनी वही मिटली. नेणारा माणूस प्रौढ हवा, हा नियम त्यांनीच लिहिला होता. मुलीचा चेहरा पडला. वर्षभर तिने एकटीने त्याला सांभाळले होते, आणि आज तिला त्याला दोन गल्ल्या पलीकडे नेण्याची परवानगी नव्हती. काकूंनी आतली कडी काढली आणि तिला घरात घेतले. सव्वासातला आई दुकानातून सुटून आली तोवर ती खिडकीपाशी बसून गणिते सोडवत होती, काका तिचे पाढे तपासत होते. आईने सही केली आणि दोघांना नेले.

तेव्हापासून ती रोज येते. तिची नोंद वहीत होत नाही, फी नाही, आणि मुले मोजताना काकू तिला मोजत नाहीत.