हजार पौंडांची मेंढी

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडात ‘मृत्युकिरण’ काढणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. जो उठे तो सरकारदारी. शेवटी सरकारने सांगितले, बाबांनो, शंभर यार्डांवरून एक मेंढी मारून दाखवा आणि हजार पौंड घेऊन जा. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. मेंढ्या नेहमीप्रमाणे खाटकाकडेच गेल्या.

१९३५ साली हाच प्रश्न वॉटसन-वॅट ह्या शास्त्रज्ञाकडे आला. त्याच्या हाताखालच्या विल्किन्सने आकडेमोड करून सांगितले, किरणाने विमान पडायचे नाही. पण लहर त्याच्यावर आपटून परत येईल, तिच्यावरून ते कुठे आहे ते कळेल. आमच्या चाळीतल्या काकूंना दार न उघडता जिन्यावर कोण आले ते कळत असे, त्यातलाच प्रकार. फक्त काकूंना खर्च येत नसे.

ह्या उद्योगासाठी सरकारने १९३६ साली सफोकच्या किनाऱ्यावरची बॉड्सीची हवेली विकत घेतली. हवेलीवर मूळ मालकांचे कुलवचन कोरलेले : ‘बदलण्यापेक्षा मरण बरे.’ (आमच्या सोसायटीच्या चेअरमनना हे कळवायला हवे.) त्या वचनाच्या छायेत बसून मंडळींनी लढाईची रीतच बदलून टाकली! १९३७ साली पहिले रडार केंद्र तिथे सुरू झाले. पुढे आठ मनोरे उभे राहिले. ३६० फुटी चार पोलादी मनोरे लहरी सोडायचे आणि २४० फुटी चार लाकडी मनोरे परत आलेल्या लहरी टिपायचे. एवढे धूड लपवणार कुठे? ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनांचे ग्राफ झेपेलिन किनाऱ्यालगत कान लावून फिरून गेले. पण कान भलत्याच लहरींना लावलेला. हात हलवत परत.

हवाई दल १९९१ साली तिथून गेले, शेवटचा मनोरा २००० साली उतरवला. तरी मी हिला घेऊन फेलिक्स्टोहून होडीने पलीकडे गेलोच. नसलेले मनोरे बघायला पौंड मोडणारा नवरा आपल्याच वाट्याला कसा आला, हे ही होडीवाल्याला मराठीत सांगत होती.

लहरी सोडायच्या यंत्रांच्या जुन्या इमारतीत आता म्युझियम आहे. बायकांना हे काम जमेल का, म्हणून वॉटसन-वॅटने आधी कचेरीतल्या टायपिस्ट मुलींनाच पडद्यासमोर बसवले. झकास जमले. मग हवाई दलातल्या पोरी आल्या. पडद्यावरच्या रेषेला कुठे खोच पडली ते बघून विमाने किती दूर, साधारण किती, हे सांगायच्या. १९४० साली लंडनचा जीव त्या खोचेवर टांगलेला. आणि युद्ध संपल्यावर? गुप्ततेची शपथ! कित्येकींनी वर्षानुवर्षे नवऱ्यालासुद्धा सांगितले नाही.

“म्हणजे नवऱ्याला पत्ताच नाही?” मी म्हणालो.

“विचारलं नसेल त्यानं,” ही म्हणाली. “तुम्ही तरी कुठे विचारलंत, लग्नाआधी मी ऑफिसात काय करत होते ते?”

“टायपिस्ट होतीस ना?”

“होते ना,” ही म्हणाली आणि समुद्राकडे बघत राहिली.