बादलीतली माती



इस्राएलला येण्यापूर्वी मी काही वर्षे ओमान देशात, सलाला येथे परिचारिका होते. सलाला म्हणजे नुसते वाळवंट असे समजू नका. तिथली नारळाची व केळीची झाडे पाहून मला आमच्या अलिबागकडची आठवण यायची. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिथे धुके आणि रिमझिम पाऊस असतो. अरब लोक त्याला खरीफ म्हणतात. आपला खरीप शब्द तोच.

ही गोष्ट १९८३ सालची. थंडीत मी क्वार्टरच्या मागे गोणीत बटाटे लावले होते. बियाणे म्हणजे बाजारातले खायचे बटाटेच. फेब्रुवारीत बटाटे काढले. राहिलेली माती, त्यातले शेळीचे लेंडीखत, कुजलेला केळीचा पाला, सगळे कसे काळेभोर दिसत होते. टाकवेना! उन्हाळ्यात त्यातच टोमॅटो लावले. उरलेली एक बादली शेजारच्या मल्याळी सिस्टरला दिली. तिचा नवरा गावी आजारी होता, बिचारी एकेक रियाल वाचवायची. भाजीचा खर्च वाचावा म्हणून तिनेही टोमॅटोचा वाफा केला होता.

जुलैत माझ्या झाडांच्या पानांवर ओलसर काळे डाग पडले, पानांखाली पांढरी बुरशी आली. करपा! आठवड्यात झाडे गेली. उपटताना पाहते तर मुळाशी बटाट्याचा कोंब, त्याचीही पाने काळी पडलेली. गोटीएवढा बटाटा मातीत राहून गेला होता. दोन दिवसांनी तिचा वाफाही गेला.

ती म्हणाली, "सिस्टर, या धुक्याने घात केला."

मी "हो" म्हटले. कोंबाबद्दल बोलले नाही.

धुके निर्दोष नव्हते. हा करपा थंड हवेत, ओल्या पानांवर झपाट्याने पसरतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये त्यानेच दुष्काळ पाडला. पण दोन पिकांच्या मधल्या काळात तो बहुतेक वेळा जिवंत बटाट्यात लपून राहतो. टायफॉईडचा रोगवाहक माणूस धडधाकट दिसतो ना, तसेच हे. वॉर्डात मी हेच नव्या मुलींना शिकवत होते.

म्हणून सांगते, बटाट्याची जुनी माती वापरा, पण हाताने चाळून बारीकसारीक बटाटासुद्धा काढा. तिच्यात पुन्हा बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका, ती सगळी एकाच कुळातली. मेथी, कोथिंबीर, घेवडा लावा. पाणी सकाळी, मुळाशी घाला. रोगट झाडे खताच्या ढिगात टाकू नका. १९७६ साली आपल्या रेहोवोतचे प्राध्यापक याकोव काटान व सहकाऱ्यांनी एक उपाय प्रसिद्ध केला: भर उन्हाळ्यात माती भिजवून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवायची. मातीतले पुष्कळ रोगजंतू त्याने मरतात. मी दर उन्हाळ्यात गॅलरीतली माती तशीच तापवते.

इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी मी त्या सिस्टरला केरळात पत्र लिहिले, सगळे कबूल केले. तिचे उत्तर आले, "माझ्या वाफ्यातही कोंब होता. तुम्ही कधी सांगाल याची मी वाट पाहत होते."

वाचकहो, माती शेजाऱ्याला जरूर द्या. पण आधी चाळा. आणि चूक झालीच तर त्याच दिवशी सांगा.